चेहऱ्यावरचा चट्टा आणि लघवीची तपासणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत वाचकांच्या प्रश्नोत्तरांत अलीकडे एका महिलेचा प्रश्न आला होता. वरच्या पापण्या जांभळट होऊन सुजल्यासारख्या दिसतात, बोटांच्या सांध्यांवरची कातडी जाड आणि खरखरीत झाली आहे, आणि केस विंचरताना हात भरून येतात, असे तिने लिहिले होते. उत्तरात डोळ्यांभोवतीच्या काळ्या वर्तुळांसाठी क्रीम, हातांना मॉइश्चरायझर आणि पुरेशी झोप सुचवली होती. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करतही नाही. पण या तीनही तक्रारी एकाच व्यक्तीला एकाच वेळी असतील, तर तिने वेळ न घालवता डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवायला हवे. तिचा पत्ता आपल्याकडे असेल, तर हे पत्र छापून येईपर्यंत न थांबता तिला तेवढे कळवा.

डर्माटोमायोसायटिस नावाच्या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर आणि स्नायूंवर उलटते. वरच्या पापण्यांवर जांभळट छटा येते, पापण्या फुगतात. बोटांच्या मागच्या बाजूला, नेमके सांध्यांवर, चपटे उंचवटे उठतात. गॉट्रन या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाच्या नावाने ते ओळखले जातात. खांद्यांचे आणि मांड्यांचे स्नायू दुबळे होतात. मग केस विंचरणे, वरच्या फळीवरचा डबा काढणे, जिना चढणे, उकिडवे बसून उठणे जड जाऊ लागते. घरचे म्हणतात थकवा आहे, रुग्णही तेच म्हणतो. पण थकलेला माणूस विश्रांतीनंतर उठून कामाला लागतो. हा रुग्ण रात्रभर नीट झोपूनही सकाळी खुर्चीच्या हाताला रेटा दिल्याशिवाय उभा राहू शकत नाही.

काहींचे स्नायू शाबूत राहतात, रक्तातले स्नायूंचे एन्झाइम नॉर्मल येते, आणि तरी आजार असतोच. त्यांतल्या काहींच्या फुप्फुसांवर तो काही आठवड्यांत चढतो: आधी कोरडा खोकला, मग चालताना लागणारी धाप. शिवाय प्रौढ वयात हा आजार सुरू झाला, तर काही रुग्णांच्या शरीरात कुठेतरी कर्करोग दडलेला असतो. आजार सुरू होण्याच्या आसपासचे वर्ष आणि त्यापुढची दोन-तीन वर्षे ही शक्यता जास्त असते, म्हणून वय आणि लक्षणे पाहून तपासण्या करून घ्याव्या लागतात. लहान मुलांनाही हा आजार होतो, पण त्यांच्यात कर्करोगाशी असा संबंध नसतो. हे सगळे माहीत असलेल्या माणसाला ते उत्तर वाचून स्वस्थ बसवत नाही, एवढेच सांगते.

माझ्या तपासणीत चेहऱ्याइतकाच वेळ हातांना जातो. लुपस या प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणाऱ्या दुसऱ्या आजारातही हाताच्या पाठीवर पुरळ येते, पण ते बहुधा सांधे सोडून मधल्या पेरांवर बसते. डर्माटोमायोसायटिसमध्ये ते सांध्यांवरच बसते. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवायला सांगितले, की कुठल्याही यंत्राशिवाय हा फरक दिसतो. मग मी नखांच्या मुळाशी तेलाचा एक थेंब टाकते आणि डर्माटोस्कोप, म्हणजे प्रकाश असलेले भिंग, वर धरते. निरोगी माणसाच्या नखालगतच्या कातडीत केसांच्या आकड्यांसारख्या बारीक रक्तवाहिन्या ओळीने उभ्या दिसतात, सगळ्या सारख्या जाडीच्या. स्क्लेरोडर्मात, म्हणजे कातडी ताठ करणाऱ्या आजारात, आणि डर्माटोमायोसायटिसमध्ये ही ओळ मोडते. काही वाहिन्या फुगून जाड होतात, काही नाहीशाच होतात, मध्ये रिकाम्या जागा पडतात, आणि कुठे कुठे रक्त झिरपल्याचे काळपट ठिपके. रक्ताचा अहवाल यायचा असतो, पण आतल्या बारीक रक्तवाहिन्यांचे काय चालले आहे याचा अंदाज इथेच येतो.

थंडीत बोटे पांढरीफटक पडणे, मग निळी आणि नंतर लाल होणे, हे मॉरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरने 1862 मध्ये आपल्या प्रबंधात वर्णन केले. बहुतेकांच्या बाबतीत तो त्रास निरुपद्रवी असतो. तरुणपणी सुरू होतो, दोन्ही हातांना सारखा होतो, बोटांना इजा करत नाही. पण चाळिशीत पहिल्यांदाच सुरू झाला, बोटे सुजून अंगठी अडकू लागली, बोटांच्या टोकांवर छोटी दुखरी जखम होऊन ती भरेना, तर नखांखालच्या त्या रक्तवाहिन्या कुणाला तरी दाखवा. स्क्लेरोडर्मात पुढे कातडी ताठ होते, तोंड पूर्वीइतके उघडत नाही, आणि फुप्फुसे व मूत्रपिंडेही त्यात सापडतात. आधी ठीक असलेला रक्तदाब अचानक खूप चढला, तर ती मूत्रपिंडावरच्या संकटाची खूण असते. स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेने हे संकट ओढवू शकते. संधिवाताच्या म्हणून कुणी दिलेल्या गोळ्या मनानेच घेत राहणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहिते आहे ते सांगते. त्यासाठी एका रुग्णाची हकिगत सांगावी लागेल. तिची ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत.

ती विशीतली. दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर चट्टा होता. वांग आहे, असे सगळ्यांनी सांगितले होते आणि वांगावरची क्रीमे लावून झाली होती. माझ्याकडे ती 'डाग घालवा' एवढीच मागणी घेऊन आली. लग्न ठरत होते, त्यामुळे आईला घाई होती. मी तिला खिडकीजवळ बसवले. चट्टा किंचित उंचावलेला होता; बोट फिरवले की कड हाताला लागत होती. वांग सपाट असतो. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी मात्र दोन्ही बाजूंनी स्वच्छ होती, जणू पुरळ तिथे येऊन थांबले होते. लुपसच्या चट्ट्यात ही घडी बहुधा सुटते. मी तिला तोंड उघडायला सांगितले. वर टाळूवर एक उथळ, लालसर व्रण होता. तिला त्याचा पत्ताच नव्हता, कारण लुपसचे असे व्रण बहुधा दुखत नाहीत. उन्हात गेल्यावर काय होते, असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, "चेहरा पेटतो, आणि दोन दिवस ताप आल्यासारखं वाटतं." केस गळतात का? "उशीवर पुंजके." सांधे? "सकाळी मूठ वळत नाही." यातले एकही ती आपणहून बोलली नव्हती. त्वचेच्या डॉक्टरला सांध्यांचे काय सांगायचे, असे तिला वाटले होते.

मग मी तिचा रक्तदाब मोजला आणि लघवीचा नमुना मागवला. आई म्हणाली, "डॉक्टर, डाग चेहऱ्यावर आहे, लघवी कशाला?" लघवी तपासण्याच्या पट्टीवर प्रथिनांसाठी एक पिवळा चौकोन असतो. पट्टी बुडवली आणि आम्ही तिघी पाहत असतानाच तो चौकोन हिरवा होत गेला. रक्तदाबही त्या वयाला शोभणारा नव्हता. पुढे मूत्रपिंडतज्ज्ञांनी बायोप्सी केली, औषधे सुरू झाली, आणि तिची मूत्रपिंडे आज नीट काम करतात. तिला लघवीचा कसलाही त्रास नव्हता. जळजळ नाही, वेदना नाही, पायांवर सूजही नाही.

लुपसच्या दहांतल्या चार-पाच रुग्णांना कधी ना कधी मूत्रपिंडाचा त्रास होतो, आणि सुरुवातीला तो बहुधा मुका असतो. त्वचा मात्र बोलकी असते. लुपसच्या तीन-चतुर्थांश रुग्णांच्या त्वचेवर केव्हा तरी काही ना काही उमटतेच, आणि पाचांतल्या एकाच्या बाबतीत पहिली खूण तीच असते. म्हणजे दुखणे जिथे मुके आहे तिथे पोहोचण्याची वाट पुष्कळदा चेहऱ्यावरूनच जाते. त्या वाटेवर आपण क्रीम लावून थांबतो, हे मला फार लागते. माझे सगळ्या सहकाऱ्यांना कळकळीचे सांगणे आहे: लुपससारखा दिसणारा चट्टा, पायांवर उठलेले जांभळे पुरळ किंवा ताठ होत चाललेली बोटे घेऊन कुणी आले, तर रक्तदाब मोजल्याशिवाय आणि लघवी तपासल्याशिवाय त्याला दाराबाहेर जाऊ देऊ नका. रक्तदाबाचे यंत्र फक्त फिजिशियनच्या टेबलावर असायला हवे, असा काही नियम नाही.

पायांवरच्या पुरळाचे थोडे अधिक सांगते, कारण ते घरीही ओळखता येते. नडग्यांवर, घोट्यांभोवती लाल-जांभळे ठिपके उठतात, हाताला लागतात. त्यावर काचेचा पारदर्शक पेला दाबून धरा. साध्या लालीचा रंग दाबाखाली उडतो. रक्त वाहिनीबाहेर झिरपले असेल तर ठिपका तसाच दिसत राहतो. असे पुरळ रक्तवाहिन्यांच्या दाहाचे असू शकते. मुलांमध्ये पाय आणि कुल्ल्यांवर असे ठिपके, पोटात कळ आणि घोटे सुजणे, हे तिन्ही एकत्र आले तर बहुधा आयजीए व्हास्कुलायटिस हा बारीक रक्तवाहिन्यांचा दाह निघतो. बहुतेक मुले काही आठवड्यांत बरी होतात, पुरळ जाते, शाळा सुरू होते, आणि इथेच घात होतो. मूत्रपिंडालाही दाह झाला तर तो पुरळ गेल्यानंतरही उमटू शकतो. म्हणून पुरळ उठल्यापासून सहा महिने लघवी आणि रक्तदाब ठरावीक अंतराने पाहत राहायचे असतात. मूल खेळू लागले म्हणून या फेऱ्या बंद करू नका. आणि पेल्याखाली न उडणारे ठिपके तापाबरोबर आले, मूल मलूल झाले, तर सकाळची वाट पाहू नका. तो जीवघेणा जंतुसंसर्ग असू शकतो. रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठा.

आमच्या पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे गोऱ्या कातडीची छायाचित्रे छापली गेली. तिथे लुपसचा चट्टा गुलाबी आणि पापण्यांवरची छटा फिकट जांभळी. सावळ्या त्वचेवर गुलाबी असे काही दिसतच नाही. लाली तपकिरी, राखाडी-जांभळी किंवा नुसती जास्त काळी दिसते, आणि तिला डाग, वांग, उन्हाने काळवंडणे अशी नावे पडतात. स्क्लेरोडर्मात सावळ्या छातीवर आणि पाठीवर मीठमिरी भुरभुरल्यासारखे पांढरे-काळे ठिपके दिसतात, त्यांना कोड समजले जाते. म्हणून रंगाच्या भरवशावर राहू नये. कातडीला हात लावून पाहावा: उंच लागते का, गरम लागते का, चिमटीत येते की खालच्या थराला चिकटली आहे? आणि पुरळ शरीरावर कुठे बसले आहे ते पाहावे. ती जागा रंगाइतकी फसवत नाही.

चेहऱ्यावर लावलेले स्टेरॉइडचे मलम ही दुसरी अडचण. शेजारणीला गुण आला म्हणून, किंवा दुकानातून सहज मिळाले म्हणून, लोक ते महिनोन्‌महिने लावतात. पुरळ दबते, आम्हाला दिसायला हवे ते दिसत नाही, आणि आतला आजार आपल्या गतीने चालत राहतो. शिवाय चेहऱ्याची कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, मुरमे उठतात, आणि मग मूळचे काय आणि मलमाचे काय हे वेगळे करता करता आमचे दिवस जातात. काही लावण्याआधी पुरळाचा दिवसाउजेडी, सावलीत, फ्लॅश न लावता फोटो काढून ठेवा. चेहऱ्याचा, हातांच्या पाठीचा आणि नखांचा. काही लावले असेल तर ती ट्यूब बरोबर आणा, रिकामी असली तरी. कुणीही रागावणार नाही. पोटात घेत असलेल्या औषधांची यादीही हवी. रक्तदाबावरची काही औषधे, आम्लपित्ताच्या काही गोळ्या, बुरशीवरचे टर्बिनाफिन यांनीही लुपससारखे पुरळ उठू शकते, आणि औषध ओळखून डॉक्टरांनी बंद केले की ते बहुधा मावळते.

एक बाळ मला नेहमी आठवते. काही आठवड्यांचे होते. डोळ्यांभोवती आणि कपाळावर कडा लालसर असलेली गोल कडी उठली होती. नायटा समजून त्यावर औषध लावून झाले होते. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांभोवती अशी कडी दिसली, की आधी बाळाची नाडी मोजायची आणि मग आईकडे पाहायचे. आईच्या रक्तातली अँटी-रो ही, लुपससारख्या आजारांत आढळणारी, प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात. सहा-आठ महिन्यांत ती बाळाच्या रक्तातून नाहीशी होतात आणि पुरळही जाते. पण हीच प्रतिपिंडे गर्भातच बाळाच्या हृदयातील विद्युतमार्गावर घाला घालू शकतात, आणि पूर्ण हार्ट ब्लॉक झाला, म्हणजे ठोक्याचा संदेश पुढे जाणेच थांबले, तर तो पुन्हा सुधारत नाही. या बाळाचे हृदय सुदैवाने शाबूत होते. आईला आपल्याला काही आहे याची कल्पनाच नव्हती. विचारल्यावर म्हणाली, डोळे सारखे चुरचुरतात, तोंड कोरडे पडते; बाळंतपणामुळे असेल. तिच्या रक्तात अँटी-रो निघाले. अशा स्त्रीच्या पुढच्या गरोदरपणात बाळाच्या हृदयाचे ठोके ठरलेल्या काळात पुन्हा पुन्हा पाहावे लागतात, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध दिल्याने धोका कमी होतो. बाळाच्या कपाळावरचे एक कडे ओळखले गेले, म्हणून हे त्या आईला वेळेत कळले.

हे वाचून कुणी उठून स्वतःच एएनए तपासणी, म्हणजे स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी रक्ततपासणी, करून घेऊ नये, अशी मात्र विनंती आहे. धडधाकट माणसांतही ही तपासणी बऱ्याचदा पॉझिटिव्ह येते; 1:80 या पातळीला, म्हणजे रक्तद्रव ऐंशी पट पातळ करूनही, शंभरातल्या साधारण तेरा जणांची. नुसत्या त्या कागदावर लुपस ठरत नाही. 2019 च्या आंतरराष्ट्रीय निकषांतही एएनए हे फक्त आत येण्याचे दार आहे. पुढे त्वचा, सांधे, मूत्रपिंडे, रक्तपेशी यांचे गुण मिळून दहा व्हावे लागतात. असा एकटा पॉझिटिव्ह अहवाल घेऊन रात्र रात्र जागणाऱ्या मुली माझ्याकडे येतात. त्यांना समजावण्यात जितका वेळ जातो, तितक्यात दोन रुग्ण नीट तपासून होतील.

सगळेच चट्टे गंभीर नसतात, हेही खरे. कानाच्या खळगीत आणि डोक्यावर उठून कायमचे वण ठेवणारा डिस्कॉइड लुपस बऱ्याच जणांच्या बाबतीत त्वचेपुरताच राहतो. मानेवरची मखमली काळी कातडी घासून जात नाही, ती बहुधा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. तिथे साखर आणि वजन पाहायचे. सोरायसिसच्या रुग्णाने टाच किंवा कंबर सकाळी आखडते असे सांगितले, तर ते वयावर ढकलू नये. त्या सांध्यांचा दाह वेळेत थांबवला नाही तर सांधे कायमचे झिजतात. तोंडातल्या महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमा पेम्फिगस या फोडांच्या आजाराच्या असू शकतात, अंगावर फोड येण्याच्या कितीतरी आधी. आणि यांपैकी एकही आजार हात लावल्याने दुसऱ्याला होत नाही. ताट वेगळे, टॉवेल वेगळा करून घरच्याच माणसाला कोपऱ्यात बसवलेले मी पाहिले आहे. ते थांबले पाहिजे.

बायोप्सीचा विषय निघाला की रुग्ण घाबरतात. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, भूल देऊन, पाच-दहा मिनिटांचे काम. एक बारकावा मात्र सहकाऱ्यांच्या लक्षात आणून द्यावासा वाटतो. लुपस, पेम्फिगस आणि रक्तवाहिन्यांच्या दाहात इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, म्हणजे कातडीतली प्रतिपिंडे चमकवून दाखवणाऱ्या तपासणीसाठी, दुसरा तुकडा लागतो, आणि तो फॉर्मॅलिनमध्ये घालून चालत नाही. त्यासाठी वेगळे द्रावण असते. घाईत दोन्ही तुकडे एकाच बाटलीत गेले, तर सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमकणारी प्रतिपिंडांची रेघ कायमची जाते आणि रुग्णाला पुन्हा टाके पडतात. बाटल्यांवर नाव लिहितानाच कोणती कशाची हेही लिहावे.

आपल्याकडे दोन मागण्या आहेत. पुरवणीत त्वचेचा प्रश्न येईल तेव्हा उत्तर देण्याआधी वाचकाला उलट विचारा: याच काळात ताप, सांधे, केस, तोंड, धाप, लघवी यांत काही बदल झाला आहे का? जागा नसेल तर एखादे छायाचित्र कमी छापा, पण हा प्रश्न गाळू नका. आणि सावळ्या त्वचेवर हे आजार कसे दिसतात, याची एक पानभर चित्रमाला छापा. रुग्णांच्या लेखी संमतीने घेतलेली छायाचित्रे मी देईन, डोळे झाकलेली आणि नाव नसलेली. प्रत्येकाखालचा मजकूर दोन ओळींत लिहून देईन. छपाईत रंग बदलले तर चित्रांचा उपयोग राहणार नाही, म्हणून छापण्याआधी एक नमुना प्रत मला पाहायला मिळावी.

आपली,
एक त्वचारोगतज्ज्ञ

(रुग्णांची ओळख उघड होऊ नये म्हणून माझे नाव व गाव छापू नये, ही विनंती.)